पाच नंबरचा रकाना

विषय : जलशुद्धीकरण केंद्रातील फिल्टर क्र. ५ ची नोंद रद्द न करण्याबाबत. तसेच अर्जदाराने पूर्वी दिलेले निवेदन मागे घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) नूतनीकरण विभागाचे नोंदवह्या दुरुस्तीचे परिपत्रक. २) अर्जदाराचे स्वतःचे निवेदन, ज्याचा त्याला आता पश्चात्ताप होत आहे.

१

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, ‘पश्चात्ताप’ हा शब्द मूळ अर्जात नाही. कच्च्या मसुद्यात होता, मग मीच खोडला. ऑफिसात त्याला रकाना नाही.

मी तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात कारकून होतो आणि अशी सुरुवात केल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. बायको म्हणते, लग्न ठरल्यावर तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत त्यावरही विषय होता. खरं आहे. ‘आपल्या प्रकृतीबाबत’ असा होता.

आमचं केंद्र गावाबाहेरच्या टेकाडावर आहे. धरणाचं पाणी येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी फिल्टरहाऊसमध्ये जातं. फिल्टरहाऊस म्हणजे एक लांबट दालन. मधून अरुंद गॅलरी आणि डाव्या हाताला ओळीने चार हौद, प्रत्येक शाळेच्या वर्गाएवढा. हौदाच्या तळाशी वाळू. पाणी वाळूतून खाली झिरपतं, घाण वाळूत अडकते. मग दिवसातून एकदा खालून उलटं पाणी सोडून ती वाळू धुवायची. त्याला बॅकवॉश म्हणतात. त्यासाठी गॅलरीत लोखंडी चाकं होती, मोटारीच्या स्टिअरिंगएवढी. ती फिरवणारा माणूस म्हणजे फिल्टर ऑपरेटर. आमच्याकडचा ऑपरेटर माझा धाकटा भाऊ होता.

चार नंबरच्या हौदानंतर गॅलरी संपते आणि भिंत येते. भिंतीपलीकडे टेकाडाचा उतार आणि गवत. त्या भिंतीच्या सावलीत बसून मी कित्येक वर्षं डबा खाल्ला आहे.

तर हौद चार. हौद मोजायला कुठलीही पदवी लागत नाही.

२

पाचवा आला तो छापखान्यातून.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी मुख्य कार्यालयाने रोजच्या नोंदींचे तक्ते छापून पाठवले. ते दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या केंद्रासाठी बनवलेले असणार, कारण त्यात फिल्टरचे पाच रकाने होते. तक्ते एवढे आले, की एक खोली त्यांनीच भरली. मी पाचव्या रकान्यावर रेघ मारून पहिल्या महिन्याचे कागद वर पाठवले. उत्तर आलं, छापील नमुन्यात खाडाखोड करू नये. पुढच्या महिन्यात मी रकाना कोरा ठेवला. उत्तर आलं, रकाने कोरे ठेवू नयेत. मग मी ‘निरंक’ लिहिलं. त्यावर लांबलचक पत्र आलं. फिल्टर क्र. ५ तीस दिवस बंद का, बंद ठेवण्यास कोणाची परवानगी घेतली, आणि नागरिकांची गैरसोय झाल्यास जबाबदार कोण?

आम्ही कळवलं, की असा फिल्टरच नाही. त्यांनी विचारलं, नसल्यास केव्हापासून नाही?

तेव्हाचे साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “चालू दाखवा.”

मी चालू दाखवला. पाण्याची पातळी, गढूळपणा, धुण्याची वेळ, सगळं. इतर चारांची सरासरी काढायची आणि त्यात किंचित खोट ठेवायची, कारण अगदी सरासरीबरहुकूम चालणारी वस्तू संशयास्पद दिसते. असं करता करता पाच नंबरला स्वभाव आला. तो जरा आळशी होता. धुवायला चारांपेक्षा सहा मिनिटं जास्त घ्यायचा.

पुढे शेऱ्याच्या रकान्यातही हात चालू लागला. कारकुनाच्या आयुष्यात कल्पनाशक्तीला तेवढीच जागा. ‘फिल्टर क्र. ५ : खिडकीची काच तडकली आहे.’ पंधरा दिवसांनी : ‘काच बदलली.’ एकदा मी तिथे बाक ठेवला, त्याला निळा रंग दिला. एकदा लिहिलं, ‘हौदात उतरण्याच्या शिडीची तिसरी पायरी हलते.’ ती पायरी मी कधी दुरुस्त केली नाही. काही तरी बिघडलेलं असलं म्हणजे जागा खरी वाटते.

वर कुणी काही विचारलं नाही. साहेब बदलले, त्यांच्यानंतरचे बदलले. सगळ्यांनी सह्या केल्या.

३

धाकट्याला मीच नोकरीला लावला. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. शिफ्टची नोकरी, कोण मुलगी देणार, असं म्हणायचा, पण त्याला कुणी विचारलंच असेल असं मला वाटत नाही. आमच्याच घरात राहायचा. हिच्या हातचं जेवायचा आणि हिच्या कामाची माझ्यापेक्षा जास्त दखल घ्यायचा.

तक्ता भरायचं काम ऑपरेटरचं, म्हणून लवकरच ते त्याच्याकडे गेलं. पहिल्या दिवशी मी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. रकाना कोरा ठेवायचा नाही, आणि वरच्याची सही नसलेली कुठलीही नोंद मानायची नाही, मग ती सख्ख्या भावाने केलेली का असेना. हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

सुरुवातीची वर्षं तो जेवताना विचारायचा, “दादा, आज पाच नंबर काय म्हणतो?” मी घास गिळून सांगायचो, आज पातळी थोडी वर आहे, काल धुवायला कुरकुर केली. ही म्हणायची, तुमच्या पाच नंबरलाही वाढू का? आम्ही तिघं हसायचो. आमच्या घरात मूल नव्हतं. कधी कधी मला वाटायचं, घरात चौथं ताट असल्यासारखं आम्ही त्याच्याविषयी बोलतो.

मग केव्हा तरी हे उलटं झालं. केव्हा, ते मला नीट सांगता येत नाही आणि याची मला लाज वाटते, कारण तारीख न सांगता येणं हा कारकुनासाठी मोठा गुन्हा. एवढंच आठवतं, की एक दिवस तो भात कालवत म्हणाला, “पाच नंबरच्या खिडकीतून दुपारी ऊन येतं ना, ते पाण्यावर पडलं की छतभर हलतं.”

मी म्हटलं, हे मी कधी लिहिलं नाही.

तो म्हणाला, “लिहायला कशाला पाहिजे? दिसतंय ना.”

मी हसलो. तो हसला नाही, पण तो तसाही कमी हसायचा. त्या दिवसानंतर त्याने मला विचारणं बंद केलं. तो सांगू लागला.

४

मी निवृत्त झालो. तीन वर्षांनी केंद्राचं नूतनीकरण सुरू झालं.

गाव वाढलं होतं, पाणी पुरत नव्हतं. खरं तर ते याच्या कितीतरी आधी अपुरं पडायला हवं होतं. जुनी चाकं काढून तिथे आपोआप उघडणाऱ्या झडपा बसवायच्या, हौदात आकडे मोजणारी यंत्रं सोडायची आणि सगळं एका पडद्यावर आणायचं, असा बेत होता. ठेकेदाराकडून एक इंजिनियर मुलगी आली. वयाने आमच्या ऑफिसातल्या कपाटांपेक्षा लहान, पण कामाला पक्की. तिने छत्तीस वर्षांचे तक्ते संगणकात भरून घेतले आणि एक दिवस मला बोलावणं पाठवलं.

गेलो. नियंत्रणकक्ष म्हणून जी खोली केली होती, ती आमची जुनी तक्त्यांची खोली. भिंतीला नवा रंग. पडद्यावर हिरवे चौकोन, ओळीने पाच.

“काका,” ती म्हणाली, “फिल्टर किती आहेत?”

“चार.”

“मीही चारच मोजले. मग बाहेर पाचांचं पाणी का जातंय?”

तिने नवा मीटर बाहेर जाणाऱ्या मुख्य नळावर बसवला होता. चार हौद मिळून जेवढं पाणी गाळू शकतात, त्यापेक्षा बरोबर एका हौदाचं पाणी जास्त जात होतं. तिने मीटर तीनदा तपासला. चौथ्यांदा बदलून पाहिला. मी विचारलं, पडद्यावर पाचवा चौकोन कुठून आला? तर म्हणाली, तो जुन्या आकड्यांवरून आपोआप तयार झाला, त्याला खाली यंत्र जोडलेलंच नाही. सुरुवातीला तो करडा होता. मंगळवारी हिरवा झाला, म्हणजे चालू.

मी म्हटलं, मीटरची चूक असेल. तीही म्हणाली, मीटरचीच असेल. दोन समंजस माणसं एकमेकांकडे न बघता जसं बोलतात तसं आम्ही बोललो. मग ती म्हणाली, “पण तुमच्या पाच नंबरचे आकडे फार छान आहेत हो. बाकीच्या चारांत माणसाच्या चुका दिसतात. याच्यात एकही नाही.”

५

परत निघताना मी गॅलरीत डोकावलो. दुपारचे दोन वाजले असतील.

फिल्टरहाऊसमध्ये प्रत्येक हौदाचा आवाज वेगळा. एक नंबर गुणगुणतो. दोन नंबरच्या नळाला खोकला आहे. तीन गप्प असतो, आणि चारातून पीठ चाळल्यासारखं सतत काही तरी ऐकू येतं. तेहतीस वर्षं ऐकल्यावर ही चारही माणसं वाटू लागतात. मी भिंतीपर्यंत चालत गेलो आणि उभा राहिलो. चार आवाज मागे होते. समोरून पाचवा येत होता.

खूप लांबून, अजिबात घाई नसलेलं कुणी तरी गुडघाभर पाण्यातून चालत असावं, असा.

भिंतीवर हात ठेवला. भिंत कोरडी होती. आवाज भिंतीत घुमत असणार. पोकळ जागेत आवाज फिरतो हे शाळेत शिकवतात. मी हे सगळं मनात मुद्देसूद मांडलं आणि खाली पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी धाकट्याच्या चपला होत्या. जोडीने, पुढची टोकं भिंतीकडे. कुणाच्या घरात शिरताना बाहेर काढून ठेवाव्यात तशा.

मी वळून दोन नंबरपर्यंत आलो असेन, तोच मागून तो म्हणाला, “दादा, तू कधी आलास?”

त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. पोटऱ्यांवर बारीक, धुतलेली वाळू चिकटली होती. मी विचारलं, कुठे होतास? म्हणाला, बॅकवॉश चालू होता. मी चारही हौदांकडे पाहिलं. चारही भरलेले होते, आरशासारखे.

भावांमध्ये काही प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवलेले असतात.

६

त्या आठवड्यात जेवताना तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. त्याच्या निवृत्तीला चार महिने होते, आणि तोवर चाकं निघणार होती. मग ऑपरेटरने नुसतं पडद्यासमोर बसायचं. हिने म्हटलं, बरंच झालं की, गुडघे दुखतात तुमचे. तो म्हणाला, “वहिनी, चारांना बसवू देत यंत्र. पाच नंबरला नाही चालणार. तिथे हात लागतो.”

मी ‘थट्टा पुरे कर’ अशा अर्थाचं काही तरी बोललो. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी साहेबासारखा बोलतो. म्हटलं, पाच नंबर मी बनवला, माझ्या टेबलावर, दौतीतल्या शाईने. तो कुठेही नाही.

त्याने ताटातलं संपवलं, हात धुतला, आणि मग दारात उभा राहून अगदी मऊपणे म्हणाला, “तू तिथे आलास कधी, दादा? तू फक्त लिहिलंस.”

दुसऱ्या दिवशी मी निवेदन दिलं.

ते कसं लिहिलं ते सांगतो, कारण चूक तिथे आहे. इंजिनियर मुलीला जुनी नोंद रद्द करायची तर कागद हवा होता. मीच म्हटलं, मी देतो. निवृत्त माणसाला सदसद्विवेकबुद्धी नव्याने फुटते. धाकट्याच्या डोक्यातून ते खूळ जाईल, हाही हेतू होताच. मी लिहिलं : ‘फिल्टर क्र. ५ कधीही अस्तित्वात नव्हता व नाही.’ इथे थांबायला हवं होतं. एवढ्यानं काम भागत होतं. पण तेहतीस वर्षांची सवय. वाक्य कुठूनही फट राहणार नाही असं बंद करायचं. म्हणून मी पुढे जोडलं, ‘तसेच सदर फिल्टरकडे जाण्या-येण्याचा कोणताही मार्ग अस्तित्वात नाही.’

साहेबांनी सही केली. शिक्का पडला. आवकच्या खिडकीवर वेळ लिहून मिळाली, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

धाकटा सकाळी आठला कामावर गेला होता. तो घरी आला नाही.

७

हजेरीपटावर त्याची येण्याची सही आहे, जाण्याची नाही. चपला भिंतीपाशी होत्या.

चारही हौद रिकामे करून पाहिले. स्वच्छ पाण्याच्या टाकीत पाणबुडे उतरवले. टेकाड पालथं घातलं. दोन दिवस गावाला पाणी नव्हतं. वर्तमानपत्रात त्याची बातमी मोठी आली, धाकट्याची खाली छोटी. नंतर सगळं सुरू झालं. चाकं निघाली, झडपा बसल्या, तक्ते भरणं कायमचं बंद झालं. जुनी वही गॅलरीतल्या मेजावर तशीच पडून राहिली. आठव्या दिवशी इंजिनियर मुलगी ती घेऊन माझ्या घरी आली. बसली नाही. वही उघडून समोर धरली.

पहिले चार रकाने कोरे होते. पाचवा भरलेला होता. तासातासाला, आठही दिवस. अक्षर धाकट्याचं.

शेऱ्यात पहिल्या दिवशी दुपारी बाराला लिहिलं होतं, ‘परत जाण्याची वाट दिसत नाही. काम चालू आहे.’ पुढचे सात दिवस नुसतं ‘काम चालू आहे’.

मुलगी म्हणाली, “काका, वही मेजावरच होती. मी रोज कुलूप लावते.” मग घसा खाकरून, जणू याचा त्याच्याशी संबंध नाही अशा आवाजात म्हणाली, की मीटर अजूनही पाचांचंच पाणी दाखवतोय.

ही आतून आली. तिने वही वाचली, घरातल्या नळाखाली पेला धरला, तो भरल्यावर उजेडात नेऊन पाहिला. पाणी इतकं स्वच्छ होतं की पेला रिकामा वाटत होता. “बरं धुतलंय त्याने आज,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही लिहिलंत. तुम्हीच खोडा.”

८

मी काय खोडणार? निवेदन आता सरकारी कागद होता. पण वही होती. मुलीने मला गॅलरीत सोडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी बाकीच्या सगळ्या वस्तू जशा केल्या होत्या तशीच परतीची वाटही करायची ठरवली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘फिल्टर क्र. ५ ला गॅलरीच्या बाजूने दार आहे. कडी आतून निघते.’ तेहतीस वर्षांत मी तिथे खिडकी, बाक, शिडी, छतावरचा एक पंखासुद्धा लिहिला होता. दार लिहायचं सुचलं नव्हतं. तो आजवर कुठून जात होता, देव जाणे. बहुधा कुणी मनाई केली नव्हती म्हणून जात होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओळीवर तांबड्या शाईने रेघ होती. बाजूला त्याच्या अक्षरात : ‘अनधिकृत नोंद. सक्षम अधिकाऱ्याची सही नाही.’

मी मेजापाशी बसून हसलो. फार वेळ हसलो असेन, कारण मुलगी आत येऊन पाहून गेली. एवढ्या आयुष्यात माझं म्हणणं तंतोतंत पाळणारा एकच माणूस होता.

मग ऊन आलं.

एरवी हौदातल्या पाण्यावरून ऊन परततं आणि छतावर हलतं, पण त्या दिवशी झडपांच्या चाचणीसाठी चारही हौद कोरडे होते. तरी छत हलत होतं. उजेड भिंतीकडून येत होता. मी तिथवर गेलो. भिंतीत खिडकीच्या काचेएवढा एक चौकोन पातळ झाला होता, एवढंच म्हणता येईल. कागदावर तेलाचा थेंब पडल्यावर होतो तसा. मी डोळा लावला.

निळा बाक होता. मी मनात धरला होता त्यापेक्षा थोडा फिका. शिडी होती. तिची तिसरी पायरी दोरीने नीट बांधलेली. मोठी खिडकी, आणि त्यातून येणारं ऊन सरळ पाण्यावर. हौद वर्गाएवढा नव्हता. त्याची पलीकडची कड मला सापडली नाही. पाणी लांब, आणखी लांब जात होतं आणि उजेडात विरत होतं. तिथे, बऱ्याच अंतरावर, धाकटा पाठमोरा, हातात लांब दांड्याचं फावडं घेऊन पाण्यातून चालत होता. घाई नव्हती. तो थकलेला वाटला नाही. हे मला आजही सर्वात जास्त छळतं.

मी हाक मारली. “धाकट्या.”

त्याने न वळता हात वर केला. बॅकवॉश चालू असताना कुणी बोलायला गेलं की तो असाच हात करायचा, थांब, हे होऊ दे.

आणि तेव्हा मला बाकाच्या शेजारची वस्तू दिसली. टेबल. त्यावर दौत, टाक, आणि छापील तक्त्यांचा कोरा गठ्ठा, काठ जुळवून ठेवलेला. टेबलामागे खुर्ची, किंचित मागे ओढलेली. कुणी तरी नुकतं उठून गेलेलं असतं तेव्हा खुर्ची अशी असते. किंवा कुणी यायचं असतं तेव्हा.

टेबल मी कधीही लिहिलं नव्हतं.

ढग आला असावा. भिंत भिंत झाली.

९

त्यानंतर मी रीतसर अर्ज केला. मागण्या दोनच आहेत. माझं निवेदन मागे घेऊ द्यावं. आणि वहीत दाराची एक ओळ लिहून तिच्यावर कुठल्याही सक्षम अधिकाऱ्याने सही करावी. एक ओळ, एक सही. कारण म्हणून नमूद केलं, ‘सदर ठिकाणी एक कर्मचारी कर्तव्यावर आहे.’

साहेबांनी अर्ज सहानुभूतीने वाचला. मग म्हणाले, नसलेल्या फिल्टरला दार कसं मंजूर करू? तो आहे असं आधी सिद्ध करा. फिल्टर सुरू केल्याचा दाखला आणा. मी म्हटलं, छत्तीस वर्षांचे तक्ते आहेत, तुमच्या आधीच्या सात साहेबांच्या सह्यांचे. ते म्हणाले, ते तर तुम्हीच खोटे ठरवलेत, लेखी. सही मी केली आहे त्यावर. आता त्यांच्या आवाजातही तो मऊपणा होता, वेड्याशी बोलतानाचा.

महिनाअखेरीस जुन्या नोंदींची सफाई आहे. पाचवा रकाना सुरुवातीपासून पुसला जाईल. पडद्यावर चार चौकोन राहतील. इंजिनियर मुलीने तारीख दोनदा पुढे ढकलली; कारण देते, मीटरचा दोष निघाला नाही. तिसऱ्यांदा तिला जमणार नाही, हे तिने मला चहाच्या कपात बघत सांगितलं.

मी रोज आवकच्या खिडकीवर जातो. तिथली बाई मला बघताच मान हलवते, म्हणजे मला विचारावं लागत नाही. कधी म्हणते, काका, अर्ज वर गेलाय. कधी म्हणते, खाली आलाय. मग मी गॅलरीत जाऊन वही बघतो. चपला तिथेच आहेत. झाडणारी बाई त्या उचलून झाडते आणि पुन्हा तशाच ठेवते.

परवा ही मला म्हणाली, “खुर्चीचं खरं सांगा. तुमच्यासाठी आहे ना?” मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चपला दारातून उचलून आत, कपाटात ठेवल्या. हल्ली बाहेर पडताना त्या मला तिच्याकडून मागून घ्याव्या लागतात, आणि परत केव्हा येणार ती वेळ सांगावी लागते.

काल शेऱ्यात नवी ओळ होती : ‘दादा, अर्जाचं काय झालं?’

शाईने लिहिलं तर सही लागते. पेन्सिलीच्या टिपणाला लागत नाही, हेही मीच त्याला शिकवलं होतं. म्हणून मी खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात उत्तर लिहिलं. आज सकाळी पाहिलं तेव्हा त्याने त्यावर रेघ मारलेली नव्हती. वाचल्याची खूण म्हणून फक्त एक टिंब दिलं होतं, आणि त्या जागी कागद थोडा ओला होता.

महिना संपायला नऊ दिवस आहेत. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.